ओटीतला करंडा

डोंगरावर देवी आणि डोंगराखाली बाजार, अशा एका गावात रंगनाथ कासार नावाचा एक व्यापारी राहत होता. त्याच्या दुकानात बांगड्या होत्या, समया होत्या, आणि दुकानामागच्या पडवीत पितळी पत्र्याचे करंडे बनत. करंडा म्हणजे कुंकवाची डबी. रंगनाथच्या करंड्याच्या झाकणात आतून रुपयाएवढा आरसा बसवलेला असे. बायका झाकण उघडत, आरशात बघत आणि मग तो करंडा त्यांच्या हातातून सुटत नसे.

त्या बाजाराची एक रीत होती. डोंगर चढणारी बाई देवीची ओटी घरून आणत नसे. पायथ्याशी भरलेली ओटी मिळे, तीच ती घेई. बांबूच्या लहान सुपलीत नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, खण आणि रंगनाथचा करंडा. वरून लाल दोरा. सगळ्याची मिळून एकच किंमत. सुटं कोणी मागत नसे आणि कोणी देतही नसे. देवीच्या दारात उभं राहून नारळाचे किती आणि खणाचे किती असं विचारणं लोकांना कोतेपणाचं वाटे.

मग वस्तू आणि सेवा कर आला आणि बाजाराचे धाबे दणाणले. छोट्या टोपलीवाल्यांना त्याचं काही नव्हतं. पण ज्यांची विक्री मोठी, अशा पाच-सात दुकानांना नोंदणी करावी लागली. जो तो एकमेकाला विचारी, नारळाला किती? खणाला किती? आणि कमी घेतला तर काय करतील? जास्त घेतला तर काय करतील? कोणी म्हणे दंड करतात, कोणी म्हणे दुकानाला टाळं लावतात. ज्याला काहीच माहीत नव्हतं तो सगळ्यात मोठ्याने बोलत होता, हे तर आपल्याकडे नेहमीचंच.

सगळ्यात जास्त भ्याली होती सुभद्राक्का. पहिल्या पायरीला लागून तिचं दुकान. साठीची बाई, आवाज खणखणीत, नवरात्रात दिवसभर उभी राहून ओट्या विकणारी. पण आकड्यांपुढे तिचं अवसान गळे.

"मला पैसे मोजता येत्यात," ती म्हणे, "टक्के न्हाई येत. शेठ, तुमीच बघा बाबा. तुमी सांगाल ते मी लावीन."

शेठ म्हणजे रंगनाथ. बाजारात हिशेबाला त्याच्या तोडीचा माणूस नव्हता आणि शब्दालाही तो पक्का होता. उधारीचा तंटा असो की जागेचा, रंगनाथ म्हणाला म्हणजे झालं, असा त्याचा लौकिक. तेव्हा सगळ्यांनी मिळून त्यालाच तालुक्याला पाठवलं. तिथे गुळवणे म्हणून एक कर सल्लागार होते.

रंगनाथने नमुन्यासाठी एक भरलेली ओटी सोबत नेली. गुळवण्यांनी लाल दोरा सोडला आणि एकेक वस्तू टेबलावर मांडली.

"नारळ, तांदूळ, बांगड्या, हळदकुंकू. यांना कर नाही. खणाला शंभराला पाच. आणि या करंड्याला शंभराला अठरा."

दर काय, ते सरकार ठरवतं आणि सरकारच बदलतं. आपण गोष्टीपुरते हेच धरून चालू.

"म्हणजे ज्याचा त्याचा दर," रंगनाथ म्हणाला.

"सुटं विकलंत तर. पण तुम्ही सगळं एकत्र बांधून एकच किंमत सांगता. तिथे हिशेब फिरतो. अशा गठ्ठ्यात ज्या वस्तूचा दर सगळ्यात चढा, तो सबंध गठ्ठ्याला लागतो. मग कर नसलेल्या वस्तूही सुटत नाहीत."

"नारळालासुद्धा अठरा?"

"नारळालासुद्धा."

रंगनाथने मनातल्या मनात हिशेब केला. ओटी तीनशेची. शंभराचा करंडा, शंभराचा खण, बाकी सगळं मिळून शंभर. तीनशेवर शंभराला अठरा म्हणजे चोपन्न रुपये. एका ओटीला चोपन्न!

"आणि करंडा काढला तर?"

"तर राहिली दोनशेची ओटी. चढा दर खणाचा, शंभराला पाच. दहा रुपये." गुळवणे हसले. "करंडा काढा शेठ, आणि सुखाने झोपा."

करंडे कोण बनवतं, हे गुळवण्यांना ठाऊक नव्हतं.

परतीच्या एसटीत रंगनाथ खिडकीशी बसला, पण बाहेरचं त्याला काही दिसलं नाही. हे जसंच्या तसं सांगितलं तर काय होईल, ते त्याला लख्ख दिसत होतं. सुभद्राक्का सगळ्यात आधी म्हणेल, मग करंडा नको बाई. तिच्यामागून बाकीचे म्हणतील. पडवीत पत्र्याच्या थप्प्या पडून राहतील. नवीन दाबयंत्र नुकतंच घेतलं होतं, त्याचे हप्ते अजून चालू होते.  माणूस वाईट नव्हता, पण भ्यालेला होता, आणि भ्यालेल्या माणसाला आपलं तेवढं वाचवायची वाट फार लवकर सुचते.

संध्याकाळी पायथ्याच्या लहान देवळात बाजार गोळा झाला. रंगनाथने सगळं नीट समजावलं. नारळाला कर नाही, तांदळाला नाही, बांगड्यांना नाही, हळदकुंकवाला नाही. खणाला शंभराला पाच. एकत्र बांधून विकलं की सगळ्यात चढा दर सगळ्याला. इथपर्यंत प्रत्येक शब्द खरा होता.

"आनि करंड्याला?" सुभद्राक्काने विचारलं.

"तोही पाचच," रंगनाथ म्हणाला. "तेव्हा सबंध ओटीला पाच. तीनशेला पंधरा रुपये. मिटलं."

एवढंच. त्याने दुसरं काही खोटं सांगितलं नाही. सुभद्राक्काने देवीच्या दिशेने हात जोडले, तांदूळवाल्या महादूने शेठला चहा पाजला आणि बाजार निर्धास्त झाला. रंगनाथ मात्र त्या दिवसापासून निर्धास्त झाला नाही. कारण खोटं एकटं राहत नाही. बाजाराला तो करंडे विकायचा, त्या बिलावरही आता शंभराला पाचच लिहावे लागले. अठरा लिहिले असते तर कोणी ना कोणी वाचलं असतं.

अशीच काही नवरात्रं गेली. ओट्या खपल्या, करंडे खपले. रंगनाथ हळूहळू विसरायला शिकला. फक्त दुकानासमोर कोणी अनोळखी माणूस फाइल घेऊन उभा राहिला, की तो माणूस विमावाला निघेपर्यंत रंगनाथ गिऱ्हाइकाकडे बघत नसे.

एका नवरात्राच्या तोंडावर सुती साडीतली एक बाई बाजारात आली. खांद्याला पिशवी, पायात साध्या चपला. तिने सुभद्राक्काकडून ओटी घेतली, बिल मागून घेतलं, पैसे दिले. मग ती डोंगराकडे न वळता पहिल्याच पायरीवर बसली आणि तिने ओटीचा लाल दोरा सोडला.

बाजारातल्या सगळ्या माना वळल्या. देवीपुढे जाण्याआधी ओटी कोणी सोडत नसे. समोरच्या दुकानात रंगनाथ बांगड्यांचा जोड कागदात बांधत होता. त्याचे हात तसेच थांबले. त्या बाईने नारळ बाजूला ठेवला, तांदळाची पुडी ठेवली, बांगड्या ठेवल्या, हळदकुंकू ठेवलं, खण ठेवला. गुळवण्यांनी ज्या क्रमाने मांडलं होतं, अगदी त्याच क्रमाने. शेवटी करंडा उचलून तिने झाकण उघडलं. आरशावर ऊन पडलं आणि त्याचा कवडसा रंगनाथच्या दुकानाच्या भिंतीवर येऊन थरथरला. रंगनाथ मागे सरकला.

"आक्का, या करंड्याला किती कर लावलात?" त्या बाईने विचारलं.

"पाच. समद्यालाच पाच. आमच्या हितं सगळे त्योच लावत्यात."

"कोणी सांगितलं पाच?"

रंगनाथला वाटलं, आता सुभद्राक्का वळेल, हात उचलेल आणि आपल्याकडे बोट दाखवेल. सुभद्राक्का वळली नाही.

"हाय आमचं एक मानूस," ती म्हणाली. "शानं मानूस हाय."

"मी कर खात्यातून आले आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "करंड्याला अठरा आहेत. म्हणून सबंध ओटीला अठरा. तुम्ही घेतलेत पंधरा रुपये, घ्यायला हवे होते चोपन्न. सोमवारी सगळी बिलं घेऊन तालुक्याला या. आजवरचा फरक भरावा लागेल, त्यावर व्याज, वर दंड."

"समद्या नवरात्रांचा?"

"सगळ्यांचा."

सुभद्राक्का मटकन खाली बसली. तिची सून रुक्मा आतून धावत आली. रुक्माला सातवा महिना लागला होता, तिला धावताही येत नव्हतं. बाईंनी ओटी पुन्हा होती तशी भरली, दोरा बांधला, पदर डोक्यावर घेतला आणि त्या देवीला निघून गेल्या. त्यांचं देवीशी काही भांडण नव्हतं.

रंगनाथने दुपारी दुकान बंद केलं. घरी पानावर बसला आणि भाताला हात न लावता उठला.

"अहो, बरं वाटत नाही का?" त्याच्या बायकोने, द्वारकेने, विचारलं.

"ऊन लागलं," तो म्हणाला.

"सुभद्राक्काचं ऐकलंत ना? दुकान गहाण टाकावं लागेल म्हणतात. तुम्ही काहीतरी करा हो. तुमचं ऐकतील ते सरकारी लोक."

 अंगावर पांघरूण घेऊन तो भर उन्हाचा पडून राहिला. दारावर कोणी थाप मारली की तो पांघरूण डोक्यावरून ओढून घेई. कधी भाजीवाली असे, कधी शेजारची मुलं. तिसऱ्या प्रहरी थाप पडली ती सुभद्राक्काची.

ती ओरडायला आली असेल असं त्याला वाटलं. तिने ओरडावं असंही त्याला वाटलं. पण ती दारातच टेकली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "शेठ, ती बाई अठरा म्हनती. तिचं चुकलं आसंल न्हवं?"

खरं सांगायला हीच वेळ होती. तिथे दोघांखेरीज कोणी नव्हतं. रंगनाथचं तोंड उघडलं आणि भीतीने त्यात भलतेच शब्द घातले.

"चुकलं असेल," तो म्हणाला.

सुभद्राक्काच्या चेहऱ्यावर रंग आला. "मी सुनंला त्येच म्हनलं. शेठ कशाला खोटं सांगत्यात? बाईला नवीन नोकरी आसंल."

"तुम्ही... माझं नाव सांगितलंत का तिला?"

"न्हाई वो. तुमाला कशाला त्यात वढू? तुमी आमच्यासाठी तालुक्याला हेलपाटा घातला, आनि तुमच्याच मागं साडेसाती लावू व्हय?"

ती उठून गेली. रंगनाथला वाटलं, हिने आपल्या दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवार जवळ येऊ लागला. रंगनाथच्या मनात नाना बेत येत. लेकीकडे निघून जावं. आजारी पडावं. गुळवण्यांनीच पाच सांगितलं होतं म्हणावं. ते नाही म्हणतील, मग त्यांच्या शब्दासमोर आपला शब्द. आणि या गावात कोणाचा शब्द उचलून धरतील, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. हाच बेत त्याला त्यातल्या त्यात बरा वाटला आणि तो मनात आल्याबरोबर त्याला स्वतःचीच भीती वाटली.

नेमकं तेच बाजाराच्या डोक्यात आलं. रविवारी सकाळी सगळे पायथ्याच्या देवळात जमले. आज सुभद्राक्का, उद्या आपण, हे प्रत्येकाला कळून चुकलं होतं. कोणाच्याच तोंडावर कळा नव्हती.

"त्या गुळवण्यालाच जाब इचारू," महादू म्हणाला. "त्यानं पाच सांगितलं, म्हनून शेठनी पाच सांगितलं. भरंल त्योच."

"आनि त्यो म्हनला, मी बोललोच न्हाई, तर?" मागून कोणीतरी विचारलं.

"तर शेठ भंडारा उचलत्याल. मग कोनाची छाती हाय न्हाई म्हनायची?"

त्या गावात तंट्याचा शेवट भंडाऱ्याने होई. देवीसमोरची हळद मुठीत घ्यायची आणि बोलायचं. बोललेलं खोटं निघालं तर ज्याच्या नावाने उचलला त्याचं वाटोळं होतं, असं लोक मानत. त्यामुळे उगाच कोणी त्या ताटाजवळ फिरकत नसे. महादू हे रंगनाथवर संशय घेऊन बोलला नव्हता. त्याच्या लेखी शेठनी भंडारा उचलणं म्हणजे उन्हात उभं राहून ऊन आहे म्हणण्यासारखं होतं.

गुरवाने ताट आणून रंगनाथपुढे ठेवलं. पितळी ताट, मधोमध हळदीची रास.

 रंगनाथचं व्यापारी डोकं तरीही थांबेना. ते आतल्या आत हिशेब मांडत होतं. नारळाचं मी खरं सांगितलं. तांदळाचं खरं, बांगड्यांचं खरं, हळदकुंकवाचं खरं, खणाचं खरं. एवढ्या खऱ्यात एक करंडा. सगळं एकदमच बोलून टाकावं, मधे करंडाही निघून जाईल. देवी इतक्या बारीक हिशेबात कशाला शिरेल? त्याने हात पुढे केला. हळदीला लागण्याआधीच त्याने तो मागे घेतला.

"माझी... माझी आंघोळ व्हायची आहे अजून," तो म्हणाला.

सकाळचे अकरा वाजले होते आणि त्याच्या कपाळावर गंध होतं. लोक एकमेकांकडे बघू लागले. त्या क्षणी एखादा जरी हसला असता किंवा कुजबुजला असता, तरी रंगनाथला पळायला वाट मिळाली असती. पण सुभद्राक्काने ती कुजबूज होऊच दिली नाही.

"शेठनी कशाला उचलायचा?" ती उठून उभी राहिली. "आपल्यापायी त्येंनी देवीसमोर हात पसरायचा? लाज न्हाई वाटत? मी उचलते. शेठचा शब्द, पर भंडारा माझा."

ती ताटासमोर बसली. मूठभर हळद तिने उचलली आणि सुनेकडे पाहिलं.

"शेठनी सांगितलं ते खोटं आसंल," ती म्हणाली, "तर माझ्या रुक्माच्या पोटात जे वाढतंय..."

रुक्माचा चेहरा पांढराफटक पडला. तिचा हात आपसूक पोटावर गेला. सासूला थांबवायची तिची हिंमत नव्हती. तिने फक्त रंगनाथकडे पाहिलं. तुमचं खरंच आहे ना, असं ती नजर विचारत होती.

आणि रंगनाथला गुळवण्यांची खोली आठवली. टेबलावर मांडलेल्या वस्तू आठवल्या. गठ्ठ्यात ज्याचा दर सगळ्यात चढा, तो सबंध गठ्ठ्याला. नारळालासुद्धा. आता या गठ्ठ्यात काय काय बांधलं गेलं होतं! या म्हातारीचा विश्वास, त्या पोरीचं न जन्मलेलं लेकरू, सगळ्या बाजाराची भाकरी. आणि मधोमध त्याचा करंडा. कर त्याचा आणि भरणार हे सगळे. आजवर तो स्वतःसाठी भ्याला होता. आता पहिल्यांदाच तो दुसऱ्यासाठी भ्याला, आणि ती भीती आधीच्या भीतीपेक्षा फार मोठी होती.

त्याने झडप घालून आपला पंजा तिच्या मुठीवर ठेवला.

"बोलू नका आक्का! पुढे एक अक्षर बोलू नका. मी खोटं बोललो."



"करंड्याला अठराच आहेत. गुळवण्यांनी तेच सांगितलं होतं. करंडा काढा, ओटीला दहा रुपयेच पडतील, असंही सांगितलं होतं. मी तुम्हाला ते सांगितलं नाही. कारण करंडे माझे होते." त्याचा आवाज फुटला. "बाकी सगळं खरं सांगितलं हो. तेवढंच एक..."

कोणी ओरडलं नाही. महादूने मान खाली घातली, जणू खोटं तोच बोलला होता. रुक्मा भिंतीला टेकून खाली बसली आणि हुंदके देऊ लागली. सुभद्राक्काने मूठ हळूहळू उघडली. सगळी हळद परत ताटात ठेवली, बोटांना चिकटलेलीही पुसून ताटात टाकली. 

"शेठ," ती म्हणाली, "मी आत्ता उचलला आसता."

एवढंच म्हणून ती सुनेला घेऊन घरी गेली.

सोमवारी तालुक्याला रंगनाथ स्वतः गेला. त्या बाईंसमोर उभा राहून त्याने सगळं सांगितलं, आपली बिलंही पुढे ठेवली. बाईंनी ऐकून घेतलं. "कर भरावाच लागेल, व्याजही," त्या म्हणाल्या. "तुम्ही आपणहून आलात, तेवढं मी वर कळवीन." आपल्या बिलांवरचा फरक तर त्याला भरायचाच होता. पण ओट्यांवरचा फरकही कोणत्याच दुकानदाराला भरू द्यायचा नाही, असं त्याने ठरवलं. त्यासाठी दाबयंत्र गेलं, दुकानाचा अर्धा भाग गेला, द्वारकेच्या पाटल्या गेल्या. पाटल्या उतरवताना द्वारका एकच वाक्य बोलली. "तेव्हाच घरी येऊन मला सांगितलं असतंत, तर या हातातच राहिल्या असत्या."

सुभद्राक्काचं दुकान वाचलं. ओटीतून करंडा गेला. दोनशेची ओटी, दहा रुपये कर, आणि देवीने काही तक्रार केली नाही. रुक्माला मुलगी झाली. रंगनाथला वाळीत कोणी टाकलं नाही. लोक त्याच्याकडून बांगड्या घेत, त्याला रामराम करत. त्यालाही वाटू लागलं की आपण सुटलो.

मग एके दिवशी सुभद्राक्काकडे एका मंडळाची माणसं आली. त्यांना ओटी नको होती, नुसते नारळ हवे होते, पोतंभर, आणि कराचं रीतसर बिल. सुभद्राक्का गोंधळली. रंगनाथ समोरच बसला होता. जुन्या सवयीने तो तिथूनच म्हणाला, "आक्का, नारळाला कर नाही."

सुभद्राक्काने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता.

"बरं शेठ," ती म्हणाली. मग तिने फोन उचलला, गुळवण्यांना लावला आणि विचारलं, "सायेब, नारळाला कर न्हाई न्हवं?"

पलीकडून उत्तर आलं. तिने मान हलवली, फोन ठेवला आणि मंडळाच्या माणसांना सांगितलं, "नारळाला कर न्हाई."

मग ती रंगनाथकडे वळून जरा ओशाळून म्हणाली, "रागानं न्हाई इचारलं वो. पर आता भ्या वाटतं."

नारळाला कर नाही, हे त्या बाजारात पोरासोरांना ठाऊक होतं. रंगनाथ हातात बांगड्यांचा जोड धरून बसून राहिला. नारळालासुद्धा, असं गुळवणे तेव्हा म्हणाले होते, आणि तो हिशेब त्याला पुरता आज कळला.

तात्पर्य: अनेक खऱ्या गोष्टींत एक खोटी बांधून दिली, की लोक सबंध गठ्ठ्याला खोट्याचाच दर लावतात, आणि पुढे आपल्या खऱ्या शब्दालाही तोच दर मोजत राहावं लागतं.